हैदराबादचे रसपुराण

औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद या जिल्ह्यांची राजधानी १९५६ पर्यंत हैदराबाद होती. कोर्टकचेरीसाठी, शिक्षणासाठी आणि औषधपाण्यासाठीही मराठवाड्यातला माणूस तिकडेच जाई. सुलतान बाजार, काचीगुडा भागात मराठी घरे वसली होती. या घरांत एरंडेलाची बाटली असायची, शहरात हकीम असायचे. पोट साफ होत नसेल तर मराठी माणसाला निवड करायला वाव होता.

हकिमांचा मार्ग सबुरीचा. जुनाट बद्धकोष्ठावर ते एकदम जुलाब देत नसत. आधी मुंजिज, म्हणजे साचलेला दोष पिकवणारी औषधे आणि त्यानंतर मुस्हिल, म्हणजे तो बाहेर काढणारी. साध्या तक्रारीला भिजवलेल्या मनुका, गुलकंद, इसबगोल, बहाव्याच्या शेंगेतला गर पुरे. सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या काळात चारमिनारशेजारी या वैद्यकासाठी निजामिया तिब्बी रुग्णालय उभे राहिले. तिथे आजही युनानी उपचार होतात. म्हणजे फळ पोटासाठी घ्यायचे ही कल्पना या शहराला नवी नव्हती. द्राक्षांचे तर इथे कौतुकच. १८९०च्या सुमारास अब्दुल बाकर खान यांनी आणलेल्या वाणाला ‘अनाब-ए-शाही’ असे राजेशाही नाव मिळाले आणि हैदराबादच्या परिसरात त्याचे मळे पसरले. पण हकिमाच्या मनुका भिजवून, सालीसकट पोटात जात. ग्लासभर गाळलेला रस हा उपचार झाला तो वेगळ्या वाटेने.

ती वाट जर्मनीतून आली. लाइप्झिगच्या लुई कुहने यांचे म्हणणे असे, की सगळ्या रोगांचे मूळ एकच, शरीरात साठलेला मळ. त्यावर त्यांचा मुख्य उपाय म्हणजे थंड पाण्यातले कटिस्नान. त्यांच्या पुस्तकाचा तेलुगू अनुवाद डी. वेंकटचलपती शर्मा यांनी १८९४ मध्ये केला. भारतातल्या निसर्गोपचार चळवळीचा आरंभ याच अनुवादापासून मोजतात. हिंदी आणि उर्दू वाचकांपर्यंत कुहने पोहोचले ते १९०४ मध्ये.

या विचाराचा सर्वांत प्रसिद्ध रुग्ण मात्र तेव्हा दक्षिण आफ्रिकेत वकिली करत होता. जोहान्सबर्गमध्ये गांधीजींना बद्धकोष्ठ आणि डोकेदुखीने पिडले होते, हे त्यांनी आत्मकथेत मोकळेपणाने सांगितले आहे. त्यांनी सकाळची न्याहारी सोडली, तर डोकेदुखी थांबली, पोट ऐकेना. कुहनेंच्या स्नानाने थोडा उतार पडला, पण पुरता नाही. शेवटी अडॉल्फ जुस्ट यांचे पुस्तक हाती आले आणि रात्री ओटीपोटावर ओल्या मातीची पट्टी बांधून निजल्याने गुण आला. जुस्ट यांनी ताजी फळे आणि सुका मेवा हाच माणसाचा नैसर्गिक आहार ठरवला होता. पुढे आगाखान पॅलेसच्या कैदेत १९४२ साली गांधीजींनी आरोग्यावर पुस्तक लिहिले, १९४६ मध्ये उरुळी कांचनला निसर्गोपचार सुरू केला. देशाचा एवढा मोठा पुढारी आपल्या शौचाविषयी चारचौघांत लिहितो म्हटल्यावर बाकीच्यांची भीड चेपणारच.

हैदराबाद संस्थान भारतात सामील करणारी पोलीस कारवाई झाली सप्टेंबर १९४८ मध्ये. पुढच्याच वर्षी डॉ. बी. वेंकटराव यांनी तिथे निसर्गोपचार रुग्णालय सुरू केले. अमीरपेठेतल्या या संस्थेतून १९७०च्या सुमारास गांधींच्या नावाचे महाविद्यालय निघाले आणि निसर्गोपचाराचा रीतसर पदविका अभ्यासक्रम उस्मानिया विद्यापीठाच्या छत्राखाली आला. बिनऔषधाच्या वैद्यकाला विद्यापीठाची मोहोर मिळणे ही देशात नवलाईची गोष्ट होती.

निसर्गोपचार केंद्रांचा दिनक्रम साधारण सगळीकडे सारखा: पहाटे लिंबू-मधाचे पाणी, पोटावर मातीची पट्टी, एनिमा, कटिस्नान, आणि जेवणाऐवजी मोसंबी, गाजर, कोहळा किंवा दुधीचा रस. चार-आठ दिवसांनी कच्च्या भाज्या, कोंड्यासकट पिठाच्या पोळ्या. पोट मोकळे झाले की श्रेय मिळते ग्लासाला. एनिमाचे नाव कोण घेणार?

गंमत अशी, की याच काळात आधुनिक वैद्यक उलट बाजूने बोलू लागले होते. डेनिस बर्किट यांनी आफ्रिकेतल्या अनुभवावरून सहकाऱ्यांसह १९७२ मध्ये दाखवले, की आहारात चोथा जास्त असेल तर मळ जास्त बनतो आणि लवकर पुढे सरकतो. रस गाळताना टाकून देतात तो हाच चोथा. रसात उरते मुख्यतः पाणी आणि साखर. काही फळांत, विशेषतः सुक्या आलुबुखाऱ्यात, सॉर्बिटॉल असते. ते आतड्यात पाणी ओढते, म्हणून त्याचा रस खरोखर लागू पडतो. मोसंबीबद्दल तसा दावा करणे अवघड आहे. सोलून, फोडीसकट खाल्लेली मोसंबी केव्हाही बरी.

तरी रसाचा पगडा कमी झाला नाही. मंतेना सत्यनारायण राजू यांनी टीव्हीवरून बिनमिठाचे, बिनतेलाचे जेवण, सकाळचे भरपूर पाणी आणि रस तेलुगू घराघरांत नेले. शहरातल्या बागांबाहेर पहाटे फिरणाऱ्यांसाठी दुधी, कारले, गाजर, आवळ्याचे रस विकायला बसतात. यातल्या दुधीबाबत मात्र हयगय नको. दिल्लीत २०१० मध्ये कडू दुधीचा रस प्यायल्यानंतर एका शास्त्रज्ञाचा मृत्यू झाला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने तज्ज्ञ नेमले आणि त्यांनी सांगितले, की रस काढण्याआधी दुधीचा तुकडा चाखावा, कडू लागला तर फेकून द्यावा, आणि हा रस दुसऱ्या कशात मिसळू नये. आवळा-कारल्याच्या मिश्रणात दुधीचा कडूपणा ओळखूच येत नाही, आणि गाडीवर तर सगळे एकाच भांड्यात फिरते.