धनावरचा भुजंग

पावसाळा सरला की विद्यार्थ्यांना घेऊन पांडवलेणीला जाण्याचा आमचा परिपाठ आहे. अशाच एका भेटीत दहाव्या लेण्यापाशी उषवदाताच्या लेखाविषयी बोलत असता एकाने विचारले, "सर, जोगलटेंभीला मेटल डिटेक्टर घेऊन गेलो तर अजून नाणी सापडतील?" दुसरा लगेच म्हणाला, "जा की! पण धनावर भुजंग बसलेला असतो." सगळे हसले, आम्हीही हसलो. मात्र त्या थट्टेतील भुजंग आमच्या मनातून गेला नाही.

गोदावरी-दारणेच्या संगमाजवळील जोगलटेंभी येथे १९०६ साली चांदीच्या सुमारे १३,२५० नाण्यांचा साठा सापडला. नाणी क्षहरात क्षत्रप नहपानाची. पण त्यांतील ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली चिन्हे पुन्हा ठोकलेली होती. नहपानाच्या मुखवट्यावर विजेत्याचा ठसा! पांडवलेणीतील गौतमी बलश्रीच्या लेखात क्षहरात वंशाच्या उच्छेदाचा जो अभिमान व्यक्त झाला आहे, त्याला या नाण्यांनी साक्ष दिली. परंतु ही साक्ष एकेका नाण्याची नव्हे. ठसा असलेली आणि नसलेली नाणी एकाच साठ्यात, एकत्र अभ्यासता आली, म्हणून सत्तांतराचा तो क्षण वाचता आला. हीच नाणी रात्री उकरून सराफाच्या मुशीत गेली असती, तर उरली असती फक्त चांदी.

आता भुजंगाकडे वळू. सापाला धनाचे काय? त्याला हवे उंदीर-सरडे आणि आडोसा. जुन्या गढीच्या ढासळलेल्या भिंती, पडक्या वाड्यांची जोती, दगडांचे ढीग येथे दोन्ही मिळते. आणि माणसाने धन पुरले तेही बहुधा अशाच वास्तूंच्या आसऱ्याने. दोघांची जागा एक झाली आणि लोकमानसाने शेजाऱ्याला राखणदार केले. यंत्र हाती असलेल्या माणसाची गत तर अधिकच अवघड. कानांवर हेडफोन, नजर तबकडीखालच्या हातभर जमिनीवर. यंत्र वाजले की तो गुडघे टेकतो, दगड उलथतो, फटीत बोटे घालतो. त्याच दगडाखाली फुरसे असू शकते. यंत्राला धातू कळतो, साप कळत नाही. घोणस फुत्कारून इशारा तरी देते. मण्यारीचा दंश मात्र कित्येकदा जाणवतही नाही आणि विषबाधेची लक्षणे काही तासांनी दिसू लागतात.

येथवर ही निव्वळ सावधगिरीची गोष्ट झाली. आम्हाला अधिक अस्वस्थ करते ती गुप्तता. मातीत दडलेले दहा रुपयांहून अधिक मोलाचे धन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे, असे १८७८ चा कायदा सांगतो. संरक्षित स्मारकात परवानगीवाचून खणणे हाही गुन्हाच. त्यामुळे लोभी माणूस रात्री, एकटा, गुपचूप जातो. दंश झाला तर डॉक्टरांना काय सांगणार, कुठे होतो म्हणून? मग मांत्रिक बरा वाटतो; तो प्रश्न विचारत नाही. राखणदाराला शांत करणाराही तोच आणि विष उतरवणाराही तोच! महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत गुप्तधनासाठीचे अघोरी प्रकार आहेत, तसेच सर्पदंश झालेल्याला उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणेही आहे. एकाच यादीतील हा शेजार योगायोगाचा नसावा.

दंशावर उतारा एकच: प्रतिविष. चिरा देऊ नये, आवळून बांधू नये. दंश झालेला अवयव हलू न देता तडक रुग्णालय गाठावे आणि तेथे खरे सांगावे. साठा सापडल्यावर करायचे तेही फार वेगळे नाही. हात आवरावा, जागा हलवू नये, जाणत्यांना बोलवावे आणि खरे सांगावे.

त्या विद्यार्थ्याला उत्तर द्यायचे राहिलेच होते. नाणी असतीलही, पण बाबा, जोगलटेंभीचे धन चांदीत नव्हते, ते एकत्र राहिले यात होते. आणि भुजंग? तो धनावर कधीच बसलेला नव्हता. तो आपल्या घरात होता. हात आपण घातला.