इंधनबचतीची मोटार आणि तिच्यातील संगीत : औरंगपुरा परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक टिपण

प्रस्तावना

औरंगाबाद (२०२३ पासून छत्रपती संभाजीनगर) शहराच्या औद्योगिक इतिहासाचे लेखन प्रामुख्याने वाळूज आणि शेंद्रा या दोन वसाहतींभोवती झाले आहे. कारखाना केव्हा उभा राहिला, किती भांडवल आले, किती हातांना काम मिळाले, हे त्या लेखनाचे विषय होत. मोटार कारखान्यातून बाहेर पडून एखाद्या घरासमोर उभी राहिल्यानंतर तिचे काय होते, हा प्रश्न मात्र त्यात क्वचितच विचारला जातो. प्रस्तुत लेखात या प्रश्नाच्या दोन बाजूंचा विचार केला आहे. कमी इंधनात अधिक अंतर कापणाऱ्या मोटारीची निवड, ही पहिली बाजू. आणि त्या मोटारीत वेळोवेळी जोडली गेलेली, गाणी ऐकविणारी सुटी साधने, ही दुसरी. वरवर पाहता या दोन गोष्टींचा परस्परसंबंध दिसत नाही. परंतु परवडणारी आणि किफायतशीर मोटार दीर्घकाळ उणी मोटार होती. कंपनीने जे दिले नाही ते ग्राहकाने बाजारातून बसवून घेतले. या दोन्ही नोंदी घरखर्चाच्या एकाच वहीत आढळाव्यात, हे त्यामुळे स्वाभाविक होय.

औरंगपुरा हा जुन्या शहराचा मध्यवर्ती भाग. गुलमंडी आणि पैठण गेट हाकेच्या अंतरावर. भाजीमंडई, जिल्हा परिषद, महात्मा फुले चौक, पुस्तकांची दुकाने आणि १९१५ साली स्थापन झालेल्या सरस्वती भुवन शिक्षणसंस्थेचे आवार याच परिसरात. प्राध्यापक, शिक्षक, वकील, व्यापारी आणि सरकारी नोकर यांची येथे सतत ये-जा असते. मलिक अंबरने १६१० मध्ये वसविलेल्या खडकीपासून वाढत गेलेल्या या शहराच्या दरवाजांतून व गल्लीबोळांतून मोठी मोटार नेणे हे आजही कौशल्याचे काम आहे. लहान मोटारीची निवड येथे पेट्रोलच्या दराइतकीच रस्त्याच्या रुंदीनेही केली आहे.

परवान्याचा काळ

स्वातंत्र्योत्तर तीन दशकांत मध्यमवर्गीय ग्राहकासमोर निवड अशी फारशी नव्हतीच. अँबेसेडर, फियाट आणि स्टँडर्ड या तीन नावांत बाजार संपत असे. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ला येथील कारखान्यात तयार होणारी फियाट पुढे १९७० च्या दशकात ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली. सुमारे अकराशे घनसेंटिमीटर क्षमतेचे तिचे इंजिन लिटरमागे दहा-बारा किलोमीटर चालले तरी मालक समाधान मानी. नोंदणी केल्यावर वर्षानुवर्षे थांबावे लागे. अशा स्थितीत इंधनाचा विचार दुय्यम ठरणे क्रमप्राप्त होते. महाराष्ट्रात याला एक लक्षणीय अपवाद घडला. इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी यांनी १९४९ पासून ‘मीरा’ या छोट्या मोटारीचे नमुने स्वतः घडविले. स्वस्त, हलकी आणि कमी इंधन घेणारी मोटार ही कल्पना मराठी कारागिराच्या हातून इतक्या लवकर साकारली होती. पण शासकीय पाठबळाअभावी ती उत्पादनापर्यंत पोहोचू शकली नाही. मारुतीच्या इतिहासात या माणसाला तळटीपेपेक्षा अधिक जागा मिळावयास हवी होती.

१९७३ च्या अखेरीस तेलसंकट आले आणि काही महिन्यांत खनिज तेलाची किंमत जवळजवळ चौपट झाली. १९७९ मध्ये इराणमधील घडामोडींमुळे दुसरा धक्का बसला. येथपासून ‘गाडी ॲव्हरेज किती देते?’ हा प्रश्न घराघरांत महत्त्वाचा झाला असे म्हणता येईल. या शब्दाकडे जाताजाता लक्ष द्यावयास हवे. देशात मैल जाऊन किलोमीटर आले तरी ‘मायलेज’ राहिले. आणि त्याहूनही ‘ॲव्हरेज’ हाच शब्द मराठीत रूढ झाला. कंपनीचा आकडा एक आणि आपल्या गाडीची सरासरी दुसरी, हे अनुभवाने आलेले शहाणपण त्या शब्दात आहे. टाकी काठोकाठ भरून किलोमीटरचा आकडा टिपून ठेवावयाचा आणि पुढच्या वेळी पुन्हा काठोकाठ भरून भागाकार करावयाचा, ही रीत त्यासाठी पुरेशी होती.

त्या काळी मोटारीतील संगीत म्हणजे रेडिओ, आणि रेडिओसाठी सरकारी परवाना आवश्यक होता. पोस्टात शुल्क भरून परवान्याचे पुस्तक दरवर्षी नूतन करून घ्यावे लागे. ही पद्धत १९८० च्या दशकाच्या मध्यास संपुष्टात आली, आणि मोटारीतील संगीताचे स्वरूप बदलण्याचा काळही तोच ठरला.

मारुती आणि मोकळी खाच

१४ डिसेंबर १९८३ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते पहिल्या मारुती ८०० ची किल्ली ग्राहकास देण्यात आली. ७९६ घनसेंटिमीटरचे तीन सिलिंडरांचे इंजिन आणि हलका सांगाडा यांमुळे ही गाडी फियाटपेक्षा बरीच अधिक चालत असे. या फरकाचा अर्थ एका प्रवासाच्या हिशेबाने स्पष्ट होतो. औरंगाबाद ते पुणे हे अंतर सुमारे २३५ किलोमीटर. रेल्वेने जावयाचे तर मनमाड-दौंड असा वळसा पडतो, म्हणून हा प्रवास मुख्यतः रस्त्यानेच होत आला आहे. जाऊन-येऊन ४७० किलोमीटरसाठी लिटरला १२ किलोमीटर देणाऱ्या गाडीस सुमारे ३९ लिटर पेट्रोल लागते, तर २० देणाऱ्या गाडीस साडेतेवीस. मुलगा पुण्यात शिकत असलेल्या शिक्षकाच्या घरी दरफेरीस वाचणारे हे पंधरा लिटर नगण्य नव्हते.

साध्या प्रकारच्या मारुतीत वातानुकूलन नव्हते, गाणी वाजविण्याचे साधनही नव्हते. समोरच्या फळीत एक आयताकृती झाकलेली खाच तेवढी असे. जर्मन मानकावरून ‘डिन’ या नावाने ओळखली जाणारी ही खाच सुमारे १८० मिलिमीटर रुंद व ५० मिलिमीटर उंच असते. जगभर तिचे माप एकच असल्यामुळे कोणत्याही कंपनीचा डेक कोणत्याही गाडीत बसू शकला, आणि ते काम कारखान्याकडून शहरातील वाहन-इलेक्ट्रिशियनकडे आले.

हे काम दिसते तितके सोपे नव्हते. पिवळी तार थेट बॅटरीस, लाल तार किल्लीच्या स्विचमधून, काळी तार सांगाड्यास, उरलेल्या जोड्या स्पीकरांस, असा सर्वसाधारण संकेत असे. पिवळ्या तारेवर डेकची स्मृती टिकते, लाल तारेमुळे तो किल्ली काढताच बंद होतो. दोन्ही तारा एकत्र पिळून बॅटरीस जोडल्या आणि डेक चालू राहिला तर सकाळी बॅटरी उतरलेली आढळे आणि शेजाऱ्यांना धक्का मारण्यास बोलवावे लागे. चांगला कारागीर या दोन तारा कधीच एकत्र करीत नसे. अशा कारागिरांची नावे कोणत्याही गॅझेटियरमध्ये सापडत नाहीत.

फिलिप्सने १९६३ मध्ये आणलेली कॅसेट भारतात १९८० च्या दशकात स्वस्त झाली आणि ध्वनिमुद्रणाचा व्यवसाय मोठ्या कंपन्यांच्या हातून निसटून असंख्य लहान निर्मात्यांकडे गेला. मराठवाड्याच्या दृष्टीने याचे महत्त्व विशेष आहे. प्रल्हाद शिंदे यांच्या आवाजातील भक्तिगीते व भीमगीते, कव्वाल्या, कीर्तने आणि लोकगीते रेडिओच्या वेळापत्रकाची वाट न पाहता मोटारीत, जीपमध्ये आणि ट्रकमध्ये वाजू लागली. कोणाची गाणी रस्त्यावर ऐकू यावीत, याचा निर्णय प्रथमच मोठ्या प्रमाणावर ऐकणाऱ्याच्या हाती आला.

सुटे साधन जोडण्याच्या तऱ्हा

सोनीचा वॉकमन १ जुलै १९७९ रोजी बाजारात आला. परंतु खिशातील साधन मोटारीच्या स्पीकरवर ऐकण्याची खरी निकड निर्माण झाली ती एमपीथ्री प्लेअर आणि २००१ मधील आयपॉड यांच्यामुळे. शेकडो गाणी एका लहान डबीत आली, मोटारीत मात्र कॅसेटचा डेकच होता. या संधिकाळात निघालेल्या युक्त्या तंत्रज्ञानाच्या इतिहासात मनोरंजक ठरतात. पहिली म्हणजे कॅसेटच्या आकाराचे पोकळ जोडसाधन. त्यात फीत नसून एक लहान चुंबकीय हेड असे. प्लेअरमधून तारेने आलेला संदेश ते डेकच्या हेडला देई, आणि डेकला फीतच फिरत असल्याचा भास होई. ध्वनी पुष्कळ बरा येई, मात्र तार सदैव गिअरच्या दांड्यात अडके.

दुसरी युक्ती एफएम प्रक्षेपकाची. सिगारेट लायटरच्या जागी बसणारे हे यंत्र प्लेअरचा आवाज अगदी अल्प शक्तीने प्रसारित करी आणि मोटारीचा रेडिओ तो पकडी. त्यासाठी ८८ ते १०८ मेगाहर्ट्झमधील मोकळी जागा शोधावी लागे. खासगी एफएम केंद्रे वाढू लागल्यावर ती जागा आक्रसत गेली. शहरात स्वच्छ वाजणारे गाणे पुण्याजवळ पोहोचताच एखाद्या निवेदकाच्या बडबडीखाली बुडून जाई. तिसरा मार्ग साडेतीन मिलिमीटरच्या ऑक्स जोडणीचा. तो सर्वांत साधा आणि आवाजाच्या दृष्टीने सर्वांत प्रामाणिक होता; पण तशी खोबण असलेला डेक आधी घ्यावा लागे. अखेरीस यूएसबी आली आणि पेन ड्राइव्हने बाकी सर्वांना मागे टाकले. मोबाइलच्या दुकानात थोडे पैसे देऊन पेन ड्राइव्ह किंवा मेमरी कार्ड ‘भरून’ घेण्याची प्रथा गावोगावी पसरली. स्वामित्वहक्काच्या दृष्टीने ती उघड बेकायदेशीर होती, याकडे सुशिक्षितांनीही सोयीस्कर दुर्लक्ष केले.

संगीतामुळे इंधन अधिक जळते काय, ही शंकाही पुष्कळदा व्यक्त होई. साध्या डेकला सुमारे २० वॅट वीज लागते असे धरले, आणि इंजिन व अल्टरनेटर यांतील घट लक्षात घेतली, तरी त्यासाठी तासाला पंधरा-वीस मिलिलिटर पेट्रोल पुरते. चहाच्या अर्ध्या कपाहूनही हे प्रमाण कमी आहे. वातानुकूलनाचा खर्च याच्या अनेक पटींनी असतो. ॲव्हरेज वाचविण्यासाठी गाणी बंद करणाऱ्याने काच खाली करून वातानुकूलन बंद केले असते तर अधिक लाभ झाला असता.

घरच्या कारखान्यातील विसंगती

वाळूज येथे बजाज ऑटोचा कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला. शेंद्रा येथे २००१ मध्ये स्कोडाच्या ऑक्टाव्हियाची जुळणी होऊ लागली आणि २००७ मध्ये तेथेच ऑडीच्या मोटारीही जुळू लागल्या. डिझेल ऑक्टाव्हियाचे ॲव्हरेज उत्तम मानले जाई. तिची किंमत मात्र औरंगपुऱ्यातील पगारदाराच्या आवाक्याबाहेर होती. तो ग्राहक २००० साली आलेल्या आल्टोकडे किंवा १९९८ मध्ये पुण्यातील टाटा मोटर्सने (तेव्हाच्या टेल्कोने) आणलेल्या डिझेल इंडिकाकडे वळला. सहाव्या वेतन आयोगाच्या थकबाकीने अनेक महाविद्यालयांच्या आवारात दुचाकींच्या रांगेशेजारी मोटारींची रांग उभी केली, हे अनेक वाचकांना स्वानुभवाने ठाऊक असेल. शहराचे नाव मात्र देशभर गाजले ते वेगळ्याच खरेदीमुळे : ऑक्टोबर २०१० मध्ये येथील नागरिकांच्या एका गटाने एकत्र येऊन १५१ मर्सिडीज-बेंझ मोटारी घेतल्या. इंधनबचतीचा विचार त्यात अर्थातच नव्हता.

या पार्श्वभूमीवर बजाजच्या ‘क्यूट’ या चारचाकीचा प्रसंग अधिक बोलका आहे. २०१२ मध्ये ‘आरई-६०’ या नावाने ती दाखविण्यात आली. वाळूजलाच तयार होणारी, २१६ घनसेंटिमीटरच्या एका सिलिंडरावर चालणारी आणि लिटरला सुमारे ३५ किलोमीटर देणारी ही गाडी कंपनीने ‘मोटार’ म्हणून विकण्याचे टाळले. कायद्याने ती ‘क्वाड्रिसायकल’ ठरली. न्यायालयीन वाद आणि नियमांची प्रतीक्षा यांत वर्षे गेली. परदेशी निर्यात आधी सुरू झाली आणि महाराष्ट्रातील वैयक्तिक ग्राहकास ती एप्रिल २०१९ मध्ये, सुमारे अडीच लाख रुपयांस मिळू लागली. तोपर्यंत ग्राहक बदलला होता. ताशी ७० किलोमीटरची वेगमर्यादा पुण्याच्या प्रवासास पुरेशी नव्हती, आणि तेवढ्याच रकमेस जुनी आल्टो डेकसह मिळत होती. पैठण गेटच्या कोंडीत जी गाडी सर्वांत सोयीची ठरली असती ती शहराच्या वेशीवर तयार होऊनही शहराच्या घरांत फारशी शिरली नाही. केवळ ॲव्हरेजवर गाडी निवडली जाते, या समजुतीस या प्रसंगाने छेद दिला.

खाच बुजल्यानंतर

२०१० मध्ये पेट्रोलचे आणि २०१४ मध्ये डिझेलचे दर नियंत्रणमुक्त झाले; जून २०१७ पासून ते रोज बदलू लागले. १ एप्रिल २०२० रोजी भारत स्टेज सहाची मानके लागू झाली आणि मारुतीने डिझेल मोटारी बंद केल्या. किफायतीसाठी डिझेल ही तीन दशकांची समजूत लहान मोटारींपुरती येथे संपली. जुलै २०२४ मध्ये टोयोटाने बिडकीन परिसरातील प्रकल्पासाठी राज्य शासनाशी सामंजस्य करार केल्याने हायब्रिड आणि विद्युत मोटारींची चर्चा शहरात नव्याने सुरू झाली.

याच काळात समोरच्या फळीतील खाचही नाहीशी झाली. नव्या मोटारींत पडदा फळीचाच भाग असतो. फोन ब्लूटूथने किंवा २०१४-१५ मध्ये आलेल्या कारप्ले व अँड्रॉइड ऑटोने जोडला जातो. मागे कॅमेऱ्याच्या आणि इतर यंत्रणांच्या तारा त्याच पडद्याशी निगडित असल्यामुळे बाहेरच्या कारागिराने तेथे हात घालणे धोक्याचे आणि हमी घालविणारे ठरते. मे २०२२ मध्ये आयपॉडचे उत्पादन थांबल्याचे जाहीर झाले. इलेक्ट्रिशियनच्या दुकानात आता डेकऐवजी मागचा कॅमेरा आणि दिवे यांचे काम येते. जुन्या डेकची बिले, पेट्रोलपंपाच्या पावत्यांमागे केलेले भागाकार आणि तारांच्या रंगांची कारागिरांनी हाताने काढलेली चित्रे अद्याप काही कपाटांत आणि दुकानांच्या खणांत असतील. शहरातील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी ती गोळा करण्याचे काम हाती घ्यावयाचे असेल, तर पहिले डेक बसविणारी पिढी आज साठीच्या पुढे आहे, हे लक्षात घ्यावे लागेल.