चेहऱ्याचा चांगला फोटो घरच्या घरी कसा काढावा?

हजचा फॉर्म, पासपोर्ट, कॉलेजचा प्रवेश, निकाहचा बायोडेटा, सगळीकडे चेहऱ्याचा फोटो लागतो. पण "माझा फोटो चांगला येतच नाही" म्हणत आपल्या घरातली दादी-नानी मंडळी कॅमेऱ्यापुढे यायचं टाळतात. इंतकाल झाल्यावर मग शोधाशोध होते आणि हाती लागतो तो आधार कार्डावरचा काळपट फोटो. खरं तर दोष चेहऱ्याचा नसतो, उजेडाचा आणि अंतराचा असतो.

उजेड : वस्तूवरून आलेला उजेड डोळ्यात शिरतो म्हणून आपल्याला दिसतं, हे इब्न अल-हैथम यांनी सुमारे १००० वर्षांपूर्वी 'किताब अल-मनाझिर'मध्ये मांडलं. कॅमेऱ्याचंही तसंच आहे. चोपड्याच्या भर दुपारच्या उन्हात फोटो काढला तर डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडतात, डोळे बारीक होतात. त्यापेक्षा सकाळी किंवा असरनंतर ओसरीत, दाराकडे तोंड करून सावलीत बसवा. घरातला बल्ब-ट्यूबलाइट बंद ठेवा. एक गाल अंधारात वाटला तर त्या बाजूला पांढरी चादर धरा.

अंतर : मोबाइल तोंडाजवळ नेला की नाक मोठं आणि कान लहान दिसतात. दीड-दोन मीटर लांब उभे राहा, २ पट झूम करा आणि मागचा कॅमेरा वापरा. मोबाइल डोळ्यांच्या उंचीवर धरा.

बसणं : पाठ सरळ, खांदे सैल. हनुवटी किंचित पुढे आणि जरा खाली घेतली की गळ्याची घडी कमी दिसते. बायोडेटासाठी खांदे थोडे तिरके चालतात. "हसा" म्हणू नका, गप्पा मारत राहा आणि आठ-दहा फोटो काढा.

टोपी-हिजाब : पांढऱ्या कपड्यामुळे मोबाइल फसतो आणि चेहरा काळा येतो. स्क्रीनवर चेहऱ्यावर बोट ठेवा, मग उजेड कमी-जास्त करा.

कागदपत्रांसाठी : पासपोर्ट सेवा केंद्रात मोठ्यांचा फोटो तिथेच काढतात. ४ वर्षांखालील मुलांचा ४.५ × ३.५ सेंटिमीटरचा, पांढऱ्या पार्श्वभूमीचा फोटो मात्र सोबत न्यावा लागतो. धार्मिक कारणासाठी डोकं झाकलेलं चालतं, पण हनुवटीपासून कपाळापर्यंत आणि दोन्ही बाजूंनी चेहरा स्पष्ट दिसायला हवा. अशा फोटोसाठी समोर सरळ बघा, तोंड मिटलेलं ठेवा.

फिल्टर : रंग गोरा करणारं फिल्टर लावू नका. कागदपत्रांत असा फोटो नाकारला जाऊ शकतो. आणि बायोडेटात लावलं, तर पाहुणे घरी आल्यावर मुलीलाच अवघडल्यासारखं होतं. सावळा रंग चांगल्या उजेडात सुरेखच दिसतो.

येत्या जुम्याला घरातल्या बुजुर्गांना दाराजवळ बसवा. त्यांची मर्जी असेल तर फोटो काढा, आणि एक प्रत छापूनही ठेवा.