पुतळ्याचं माप आणि काळं अंग

शरीराला इतिहास असतो. राजाचं शरीर चित्रात राहतं, देवाचं दगडात राहतं. आपल्या आज्या-पणज्याचं शरीर कुठंच राहिलं नाही. मेलेलं ढोर ओढणारं, सांगावा घेऊन कोसच्या कोस धावणारं, सरकारी साऱ्याची थैली तालुक्याला पोचवणारं, रात्री वेशीवर जागणारं ते अंग गावाला रोज लागत होतं. तरी त्या अंगाला गावानं कधी बलदंड म्हटलं नाही. काम घेतलं, वर शिळा तुकडा टाकला आणि सावलीचा विटाळ मानला. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात महार वतनाच्या कायद्याला दुरुस्तीचं बिल आणलं, ते ह्या फुकटच्या अंगमेहनतीविरुद्धच. ही वतनं कायद्यानं जायला पुढं १९५८ चा कायदा यावा लागला.

आज आपल्या वस्तीतली पोरं व्यायामशाळेत जातात. कुणी जिल्ह्याच्या स्पर्धेची तयारी करतो, कुणाला 'मुंबई श्री' व्हायचंय, कुणाला 'महाराष्ट्र श्री'. चांगली गोष्ट आहे. पण चार-सहा महिने झाले की त्यातली निम्मी पोरं दिसेनाशी होतात. विचारलं तर म्हणतात, उमेद राहत नाही. कारणं खोटी नाहीत. अंड्या-दुधाचा खर्च आहे, रात्रपाळी आहे, एका खोलीत सात माणसं आहेत, झोप पुरी होत नाही. आणि सगळ्यात खाली एक शल्य आहे: शेवटी पंच त्यांचे, माप त्यांचं, मग आपण मरमर का करायची?

हा प्रश्न मनाच्या कमजोरीचा आहे असं सांगणारे पुष्कळ भेटतात. जिद्द ठेव, स्वप्न बघ, असला उपदेश ते करतात. मला वाटतं हा प्रश्न इतिहासाला विचारावा. माप दुसऱ्याच्या हातात असताना वर्षानुवर्षं अंग घडवत राहिलेली माणसं होऊन गेलीत. ती कशी टिकली ते बघू.

*

आधी हे माप आलं कुठून? युजेन सँडो हा प्रशियाचा पैलवान. आपण अंगात 'सँडो' बनियन घालतो तो ह्याच्याच नावाचा. अंगाला पांढरी पूड फासून तो रंगमंचावर ग्रीक पुतळ्यासारखा उभा राहायचा. १४ सप्टेंबर १९०१ ला लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये त्यानं शरीरसौष्ठवाची मोठी स्पर्धा भरवली. पंच कोण? एक सँडो स्वतः, दुसरा चार्ल्स लॉज नावाचा शिल्पकार आणि तिसरा शेरलॉक होम्सच्या गोष्टी लिहिणारा आर्थर कॉनन डॉयल. म्हणजे शरीराला मार्क द्यायला शिल्पकार आणि लेखक बसले. त्याच सुमारास ब्रिटिश म्युझियमच्या निसर्गविज्ञान विभागानं सँडोच्या अंगाचा साचा काढून घेतला. कशासाठी, तर युरोपीय माणसाचा उत्तम नमुना म्हणून. पुतळा ग्रीक, पूड पांढरी, साचा युरोपीय. शरीरसौष्ठवाच्या जन्मातच माप असं ठरून गेलं.

ह्याच काळात आपल्याकडं काय चाललं होतं ते ध्यानात घ्या. लढाऊ जाती कुठल्या आणि बिनलढाऊ कुठल्या ह्याचं माप इंग्रज सरकार लावत होतं. पिढ्यान्‌पिढ्या पलटणीत असलेल्या महारांची भरती १८९२-९३ च्या सुमारास बंद झाली. गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली सरकारला त्याबद्दल अर्ज लिहिला. शिवराम जानबा कांबळ्यांनी १९१० ला पुन्हा दाद मागितली. ज्यांच्या बापांनी बंदुका वाहिल्या ते एका कागदानं 'बिनलढाऊ' झाले. अंग तेच होतं, माप बदललं. महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ उजाडलं.

*

अमेरिकेत 'मिस्टर अमेरिका' ही स्पर्धा १९३९ ला सुरू झाली. अमॅच्युअर ॲथलेटिक युनियन नावाची संघटना ती भरवायची. तीस वर्षं हा किताब एकाही काळ्या माणसाला मिळाला नाही. काळे उतरत नव्हते असं नाही. उतरत होते, वरचे नंबरही काढत होते. पण त्या किताबाच्या हिशेबात नुसते स्नायू नव्हते. चालणं, बोलणं, व्यक्तिमत्त्व, खेळातली इतर कामगिरी हेही बघितलं जायचं. 'अमेरिकेचा आदर्श तरुण' निवडायचा होता ना! आदर्श हा शब्द आला की समजावं, आता जात येणार.

ह्या स्पर्धेत एक वेगळा चषक असायचा, 'सर्वांत पिळदार' शरीराचा. सर्जिओ ऑलिव्हाची गोष्ट त्या चषकाची आहे. १९४१ साली क्युबात जन्मलेला हा काळा माणूस वजन उचलणारा खेळाडू होता. १९६२ ला जमैकातल्या किंग्स्टनला खेळायला गेला आणि तिथूनच क्युबा सोडून निघाला. अमेरिकेत आला तेव्हा हातात काही नव्हतं. शिकागोत पोलादाच्या कारखान्यात दहा-दहा, बारा-बारा तास काम करायचा आणि सुटला की डंकन वायएमसीएच्या जिममध्ये अडीच-तीन तास घाम गाळायचा. १९६६ च्या 'मिस्टर अमेरिका'त 'सर्वांत पिळदार'चा चषक त्याला मिळाला. किताब मिळाला त्याच जिममधल्या बॉब गाजडाला. गाजडा गोरा. तोही मेहनती होता, त्याच्याबद्दल तक्रार नाही. पण ह्या निकालाचा अर्थ आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. स्नायू तुझे सर्वांत भारी, हे मान्य. आदर्श मात्र तू नाहीस.

आपल्या पळवणकर बाळूंचं असंच झालं. चांभाराच्या घरातला हा डावखुरा गोलंदाज. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले. पुण्याला क्लबात त्यांना चहा वेगळ्या मातीच्या भांड्यात, तोही बाहेर मिळायचा. बळी घ्यायला चालत होते, हिंदूंच्या संघाची कप्तानी करायला मात्र कधीच चालले नाहीत. ती कप्तानी त्यांच्या भावाला, विठ्ठलला, १९२३ साली मिळाली, तीही भावांनी भांडण मांडल्यावर. पुढं १९३७ च्या निवडणुकीत हेच बाळू काँग्रेसतर्फे बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले आणि पडले. तो इतिहास आपल्याला बोचतो. बोचला तरी वाचला पाहिजे. नुसतं अंग आणि हुन्नर कमावून भागत नाही, ते कुणाच्या छावणीत उभं राहतं हाही प्रश्न असतो, हे बाळूंच्या आयुष्यानं शिकवलं.

ऑलिव्हानं काय केलं? त्यानं ती संघटना सोडली. वीडर बंधूंच्या आयएफबीबी ह्या दुसऱ्या संघटनेकडं गेला. वीडर ज्यू होते, डावललं जाणं म्हणजे काय हे त्यांना ठाऊक होतं. त्यांचा मासिकांचा आणि खुराकाच्या पावडरींचा धंदाही होता, हेही विसरू नये. तिथं 'मिस्टर ऑलिम्पिया' हा किताब ऑलिव्हानं १९६७, १९६८ आणि १९६९ असा सलग तीन वर्षं घेतला. १९६८ ला तर त्याच्यासमोर उभं राहायला कुणी आलंच नाही. दार बंद असेल तर दारावर डोकं फोडत बसण्यापेक्षा दुसरं दार शोधावं, हा एक मार्ग.

*

दुसरा मार्ग ख्रिस डिकरसनचा. 'मिस्टर अमेरिका' सुरू झाली त्याच वर्षी, १९३९ ला, तो अलाबामातल्या माँटगोमरीत जन्मला. तिळ्यांपैकी एक. खरं नाव हेन्री ख्रिस्तोफ डिकरसन. हैतीतल्या गुलामांच्या बंडातून वर आलेल्या हेन्री ख्रिस्तोफचं हे नाव. आपल्याकडं धोंड्या, कचऱ्या ही नावं टाकून पोरांची नावं सिद्धार्थ, राहुल ठेवायला लागली, त्यामागं जी धग होती तीच इथं होती. हे नाव ठेवणाऱ्या घरातली आई कोण? महाला ॲशली डिकरसन. तीन पोरं पदरात असताना ही बाई कायदा शिकली आणि १९४८ साली अलाबामातली पहिली काळी वकील बाई झाली. पुढं अलास्कातही पहिली काळी वकील तीच. रोझा पार्क्स तिची शाळेपासूनची मैत्रीण.

रोझा पार्क्सनं १ डिसेंबर १९५५ ला माँटगोमरीच्या बसमध्ये गोऱ्यासाठी जागा सोडायचं नाकारलं. तोवर डिकरसन कुटुंबानं ते शहर सोडलं होतं. तरी ह्या लढ्याबद्दल इथं लिहायला हवं, कारण उमेदीचं गुपित त्यात आहे. काळ्यांनी ३८१ दिवस बसवर बहिष्कार घातला. मोलकरणी, हमाल, शाळेतली पोरं पायी चालली. तो लढा चालू असतानाच १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी आपल्याला धम्म दिला, आणि तो लढा संपायच्या आत ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. ३८१ दिवस माणसं कशाच्या जोरावर चालली? रोज सकाळी उठून सगळ्यांना सारखाच हुरूप येत असेल का? नाही येणार. पण त्यांनी गाड्यांची पाळी लावली होती, कोण कुणाला कुठून उचलणार हे ठरलेलं होतं. चर्चमध्ये नेमानं सभा व्हायच्या. ज्याचे पाय दुखत होते त्याला दुसऱ्याचे दुखरे पाय दिसायचे. मन ढिलं पडलं तरी व्यवस्था चालू राहायची आणि ती मनाला ओढून न्यायची.

ख्रिसचं शिक्षण नाटकाचं आणि गाण्याचं. अंग घडवायला तो लॉस एंजेलिसला बिल पर्लच्या हाताखाली लागला. पर्ल गोरा होता, १९५३ चा 'मिस्टर अमेरिका'. अंधारात, भल्या पहाटे उठून व्यायाम करण्यासाठी हा माणूस प्रसिद्ध होता. त्याची शिकवण साधी: दर सेटला जीव जाईस्तोवर ओढू नका, थोडं बळ शिल्लक ठेवून घरी जा, उद्या पुन्हा यावंसं वाटलं पाहिजे. १९६५ ला ख्रिस पहिल्यांदा स्पर्धेत उतरला, लाँग बीचच्या स्थानिक स्पर्धेत. नंबर तिसरा. तिथून पाच वर्षांनी, १९७० साली, तो 'मिस्टर अमेरिका' झाला. पहिला काळा. ज्या पुतळ्याच्या मापात त्याचं अंग बसत नव्हतं, ते मापच त्या दिवशी तुटलं.

तो तिथं थांबला नाही. 'मिस्टर ऑलिम्पिया'त १९८० ला दुसरा आला, १९८१ ला पुन्हा दुसरा. १९८२ ला लंडनमध्ये पहिला आला तेव्हा त्याचं वय ४३ होतं. तो समलिंगी होता, आणि पिळदार पुरुषांच्या त्या जगात तेही ओझं त्याच्या अंगावर होतं. २०२१ ला तो गेला. 'मिस्टर अमेरिका' भरवणाऱ्या त्या संघटनेनं १९९९ मध्येच ती स्पर्धा बंद केली होती. माप धरून बसलेले मापासकट गेले.

*

दोस्तहो, ह्यातून आपण काय घ्यायचं?

एक. उमेद ही पावसासारखी वरून पडत नाही. ती विहिरीसारखी खणावी लागते, आणि विहीर एकट्यानं खणत नाहीत. ऑलिव्हाला कारखान्यानंतर जायला जिम होतं, ख्रिसला पर्ल होता, माँटगोमरीला गाड्यांची पाळी होती. तुमच्याकडं पहाटे पाचला दार वाजवणारा सोबती नसेल तर आधी तो शोधा. डंबेल मागाहून.

दोन. निकालावर जीव टांगू नका. पंचांचा कागद पंचांच्या हातात. आपली वही आपल्या हातात. आज किती जोर, किती बैठका, किती वजन, दंड किती इंच, हे तारखेनिशी लिहा. बाबासाहेबांच्या लेकरांना वही-पेन नवीन नाही. तीन महिन्यांपूर्वीचं पान उघडून बघितलं की कळतं आपण कुठून कुठं आलो. तिथं कुणाचा पक्षपात चालत नाही.

तीन. लहान फड आधी. वस्तीची स्पर्धा, मग तालुक्याची, मग जिल्ह्याची. तिसरा नंबर आला म्हणून घरी बसला असता तर ख्रिस डिकरसन हे नाव आपल्यापर्यंत आलं नसतं.

चार. हे सगळ्यात महत्त्वाचं. अंग कशासाठी कमावतोय ते रोज विचारा. पिळदार दंडाला गिऱ्हाईक पुष्कळ आहे. निवडणुकीत धमकवायला, कुणाची खोली रिकामी करायला, दंगलीत पुढं घालायला आपली पोरं स्वस्तात मिळतात. आज्याचं अंग गावानं वेठीला धरलं, नातवाचं अंग पुढारी वेठीला धरतो. वतन गेलं म्हणता, मग हे काय आहे? ज्या दिवशी कसलेल्या अंगाला कुणाचा तरी 'माणूस' व्हावंसं वाटेल, त्या दिवशी महाडची आठवण करा. १९२७ ला चवदार तळ्याचं पाणी घेऊन परतणाऱ्या आपल्या लोकांवर हल्ला झाला. उलटून मारायचं बळ अंगात होतं. तरी बाबासाहेबांच्या शब्दाखातर ते हात आवरले गेले. त्या आवरण्यातही ताकद होती, आणि ती कुठल्याच पंचाला मोजता आली नसती.

म्हणून प्रत्येक वस्तीत विहाराशेजारी एक खोली बघा. लोखंड भंगारातून वजनावर मिळतं. महिन्याला वर्गणी काढून अंड्यांचा खर्च वाटून घ्या. भिंतीवर एका बाजूला आरसा आणि दुसऱ्या बाजूला पुस्तकांची फळी असू द्या. पोरींसाठीही वेळ ठरवा, कारण ढोरं ओढणाऱ्यांच्या बायकांनी सरपणाच्या मोळ्याही वाहिल्यात. आणि दाराशी एक रजिस्टर ठेवा. जो रोज येईल त्याची सही. जो दोन दिवस आला नाही त्याच्या घरी तिसऱ्या दिवशी दोघांनी जायचं.

जय भीम.