स्लॅबच्या दिवशी बाटली नको, सोबती हवा



माझे वडील गवंडी. सिडकोची घरं उभी राहत होती तेव्हा पेठ तालुक्यातून बिगारी म्हणून नाशकात आले, इथेच मिस्त्री झाले. चुकारा बुधवारी, बाजाराच्या दिवशी. पिशवी रिकामी आणि बाप झिंगलेला, असे कितीतरी बुधवार मी पाहिलेत. स्लॅब भरला की ठेकेदारच बाटली काढायचा. अंगदुखी जाते म्हणे! दुसऱ्या दिवशी परांचीवर हात थरथरायचे.

आईने शपथा घातल्या, आजोबांनी गळ्यात माळ घातली. टिकलं नाही. टिकलं ते एका सेंट्रिंगवाल्यामुळे. तो स्वतः दारू सोडलेला. उपदेश नाही, काही नाही. चुकाऱ्याच्या संध्याकाळी गुत्त्याचा रस्ता टाळून वडिलांसोबत घरापर्यंत चालत यायचा, बस्स.

या सोबतीलाही इतिहास आहे. १९३५ साली अमेरिकेतल्या ॲक्रन शहरात बिल विल्सन नावाचा शेअर दलाल दारूच्या ओढीने कासावीस झाला आणि डॉ. बॉब स्मिथ या दुसऱ्या पिणाऱ्याशी बोलत बसला. दोघंही सावरले. त्यातून ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ उभी राहिली. फी नाही, अट एकच, सोडायची इच्छा.

आपल्याकडे गर्द पसरली तेव्हा अनिल अवचटांनी त्यावर लिहिलं. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई मदतीला धावले आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात डॉ. अनिता अवचटांचं ‘मुक्तांगण’ सुरू झालं. तिथे बरे झालेले रुग्णच पुढे कार्यकर्ते झाले. ज्याने भोगलंय त्याला थाप मारता येत नाही, हे त्यामागचं साधं गणित.

बांधकाम मजुरांसाठी १९९६ साली कायदा आला, बांधकामावर उपकर आहे, राज्याचं कल्याणकारी मंडळ आहे. वर्षात ९० दिवस काम केलेल्याची नोंदणी होते. पण उपचार घेऊन आलेला माणूस सकाळी पुन्हा त्याच नाक्यावर उभा राहतो. तिथे त्याच्या शेजारी कोण आहे? ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडमध्ये २००८ पासून साइटवरच्याच कामगारांना शिकवून तयार करतात, अडचणीतला सोबती ओळखायला आणि मदतीपर्यंत न्यायला. तिथे सुरुवात आत्महत्या रोखण्यासाठी झाली, पण मार्ग तोच.

सिंहस्थाच्या निमित्ताने नाशकात कामांची धांदल आहे. ठेकेदार बंधूंनो, दोनच गोष्टी करा. स्लॅबच्या दिवशी बाटलीऐवजी पोटभर जेवण द्या. आणि साइटवर दारू सोडलेला एखादा मिस्त्री असेल, तर त्याला नव्या पोरांसोबत बसायला अर्धा तास द्या, हजेरी न कापता. फक्त एक ध्यानात ठेवा, रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम सोडली तर झटके येऊ शकतात, तेव्हा डॉक्टर आधी.

वडील शेवटची अकरा वर्षं प्यायले नाहीत. त्या वर्षांत दर बुधवारी तेही कुणाला तरी घरी सोडून मगच आपल्या घरी यायचे. उशीर व्हायचा, पण पिशवी भरलेली असायची.