हार्वर्ड–येल सामना : चाहत्यांच्या आठवणी

अमेरिकेतील हार्वर्ड व येल या विद्यापीठांच्या फुटबॉल संघांमधील १८७५ पासूनच्या चुरशीविषयी चाहत्यांनी जपलेली सामूहिक स्मृती. पहिला सामना १३ नोव्हेंबर १८७५ रोजी न्यू हेवन येथे झाला. तो हार्वर्डने जिंकला. ‘द गेम’ एवढ्याच नावाने ओळखली जाणारी ही लढत सहसा हंगामाच्या अखेरीस होते (पहा : अमेरिकन फुटबॉल, आयव्ही लीग).

या स्मृतीचे मुख्य लक्षण म्हणजे ती निकालाच्या नोंदीशी बांधील राहत नाही. २३ नोव्हेंबर १९६८ रोजी बोस्टनमध्ये दोन्ही अपराजित संघ समोरासमोर आले. शेवटची ४२ सेकंद उरली असताना येल २९–१३ असा पुढे होता. बदली क्वार्टरबॅक फ्रँक चँपी याच्या नेतृत्वाखाली हार्वर्डने तेवढ्यात १६ गुण मिळवले. त्यांतले अखेरचे दोन तर घड्याळ संपल्यावर. सामना २९–२९ असा बरोबरीत सुटला, तरी हार्वर्डच्या विद्यार्थी दैनिकाने मथळ्यात विजयच जाहीर केला. ही केवळ हार्वर्डची बढाई, असा आक्षेप घेता येईल. पण येलच्या गोटातही ती बरोबरी पराभवासारखीच सलत राहिली, म्हणजे स्मृतीचा निवाडा दोन्हीकडे एकच होता. चित्रफीत असताना स्मृतीला वाव कुठे, हा दुसरा आक्षेपही टिकत नाही : फीत गुण दाखवते, त्यांचा अर्थ ठरवत नाही. केविन रॅफर्टी यांनी २००८ च्या माहितीपटात मूळ चित्रणाशेजारी उतारवयातील खेळाडूंच्या आठवणी ठेवल्या आणि शीर्षक म्हणून तोच मथळा घेतला.