मसूर स्टेशन आणि अमेरिकेची राज्यघटना

'भारताची घटना म्हणजे अमेरिका-इंग्लंडची नक्कल' हा मेसेज दर २६ नोव्हेंबरला कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर फिरतोच. आपली पोरं चिडतात, शिवीगाळ होते आणि मुद्दा तसाच राहतो. चिडण्यापेक्षा अमेरिकेची घटना नेमकी काय आहे ते समजून घ्यावे. उत्तर तिथूनच सुरू होते आणि सातारा जिल्ह्यात येऊन पोचते.

अमेरिकेची घटना १७८७ साली फिलाडेल्फियात लिहिली गेली. मूळ कलमे फक्त सात. कायदा करणारी काँग्रेस, तो राबवणारा राष्ट्राध्यक्ष आणि न्याय देणारे न्यायालय असे सत्तेचे तीन भाग केले आणि एकाला दुसऱ्यावर लक्ष ठेवायला लावले. राज्यांना त्यांचा वेगळा कारभार, वेगळे फौजदारी कायदे. १७९१ मध्ये पहिल्या दहा दुरुस्त्यांनी नागरिकांचे हक्क जोडले. या सगळ्यामागे भीती एकच होती, सरकारची. सरकारने तोंड दाबू नये, सरकारने विनाकारण झडती घेऊ नये. शेजाऱ्याने माणसाशी कसे वागावे, याबद्दल हे हक्क गप्प आहेत. लिहिणारे गोरे, खाऊनपिऊन सुखी, त्यातले कित्येक गुलामांचे मालक. त्यांना शेजाऱ्याची भीती कशाला वाटेल? त्याच घटनेत राज्यांचे प्रतिनिधी किती हे ठरवताना गुलाम माणूस तीन पंचमांश धरला गेला.

यादवी युद्धानंतर १८६५ च्या तेराव्या दुरुस्तीने गुलामगिरी संपली आणि १८६८ च्या चौदाव्या दुरुस्तीने कायद्याचे समान संरक्षण आले. ज्यांचे मूळ गाव खटाव तालुक्यातले कटगुण, त्या महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. दोनच वर्षांनी, १८७५ मध्ये, तिथल्या काँग्रेसने आणखी एक कायदा केला: खानावळ, रेल्वे, नाटकगृह कुठेही रंगावरून कोणाला अडवायचे नाही.

तो टिकला आठ वर्षे. १८८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो मोडीत काढला. न्यायालयापुढे आलेल्या प्रकरणांपैकी एक रेल्वेचे होते. एका कृष्णवर्णीय स्त्रीला बायकांच्या डब्यात बसू दिले नव्हते. न्यायालय म्हणाले, चौदावी दुरुस्ती राज्यांना बांधते, खासगी माणसाला नाही. आणि खानावळीतून हाकलणे म्हणजे काही गुलामगिरी नव्हे, त्यामुळे तेरावीही लागू नाही. नऊपैकी एकटे न्यायमूर्ती हार्लन विरोधात गेले.

आता मसूरला या. साल १९०१. सुभेदार रामजी खटाव तालुक्यातल्या गोरेगावला दुष्काळी कामावर खजिनदार होते. त्यांना भेटायला नऊ-दहा वर्षांचा भीमराव, थोरला भाऊ आणि भाचे साताऱ्याहून निघाले, मसूर स्टेशनवर उतरले. चांगले कपडे, नव्या टोप्या. स्टेशनमास्तर आधी आपुलकीने बोलला. महार आहोत म्हटल्यावर त्याचा चेहरा बदलला. गाडीवान न्यायला तयार होईनात. शेवटी दुप्पट भाडे ठरले, तेही या अटीवर की गाडी पोरांनीच हाकायची आणि गाडीवान बाजूने चालणार. रात्र झाली, डबा होता, पण नाक्यावर पाणी मिळाले नाही. हे सगळे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहे.

यात सरकारचा कायदा कुठे होता? अमुक पोराला पाणी देऊ नका, असा मुंबई सरकारचा कुठलाही हुकूम नव्हता. गाडीवानाने जे केले ते 'खासगी' होते. १८८३ च्या अमेरिकी निकालाच्या मोजपट्टीने त्या पोरांचा कुठलाच घटनात्मक हक्क मोडला नव्हता! आपल्याकडे जात अशीच चालते. विहिरीवर, हॉटेलात, न्हाव्याच्या दुकानात. तिला सरकारी शिक्का लागत नाही.

१९१३ ते १९१६ न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या बाबासाहेबांनी ही फट ओळखली होती. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये भेदभावाविरुद्धचे कलम मांडताना त्यांनी आधार घेतला तो अमेरिकेच्या १८६६ आणि १८७५ च्या नागरी हक्क कायद्यांचा. म्हणजे तिथल्या न्यायालयाने फेकून दिलेली गोष्ट त्यांनी उचलली आणि इथे घटनेच्या आत नेण्याचा आग्रह धरला. नक्कल करणारा माणूस टिकलेले उचलतो, मोडीत निघालेले नव्हे.

आज कलम १५ चा दुसरा भाग वाचा. दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव, रस्ते. कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. ती सरकारने पाळली की सावकाराने, हा फरकच ठेवला नाही. वेठबिगारीवरचे कलम २३ तसेच. २९ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत 'दुकान' शब्दात न्हावी, धोबी येतात का, असा प्रश्न निघाला तेव्हा बाबासाहेबांनी त्याचा व्यापक अर्थ सांगितला: जिथे सेवा दिली जाते ते सगळे. आणि कलम ३५ ने अस्पृश्यतेला शिक्षा ठरवण्याचा अधिकार राज्यांकडे न ठेवता फक्त संसदेला दिला. त्यातून १९५५ चा कायदा आला, ज्याला पुढे नागरी हक्क संरक्षण कायदा हे नाव मिळाले.

अमेरिकेला हॉटेलातला रंगभेद देशभर बंद करणारा कायदा पुन्हा करायला १९६४ उजाडले. तेव्हाही आधार घेतला तो मुख्यतः राज्याराज्यांतल्या व्यापारावरच्या अधिकाराचा.

म्हणून सातारा-सांगलीतल्या एखाद्या पोलीस ठाण्यात 'हा गावातला आपापसातला वाद आहे, मिटवून घ्या' असे ऐकवले जाते, तेव्हा समोरचा नकळत १८८३ चा अमेरिकी निकाल सांगत असतो. तो इथे लागू नाही. १९८२ मध्ये, एशियाड मजुरांच्या खटल्यात, आपल्या सर्वोच्च न्यायालयाने कलम १७ आणि २३ खासगी व्यक्तींविरुद्धही चालतात हे स्पष्ट केले आहे. आणि जून २०२३ मध्ये मिरज तालुक्यातल्या बेडगला बाबासाहेबांच्या नावाची कमान पाडली गेली, कुटुंबे घरदार सोडून मुंबईच्या वाटेला लागली, तशा प्रकरणात तर प्रश्न ग्रामपंचायतीच्या कारभाराचाही असतो. ग्रामपंचायत कलम १२ प्रमाणे 'राज्य' आहे. तिथे कलम १४ सुद्धा हातात आहे, अर्जात दोन्ही लिहा.